बांधकामाची छोटी शाळा आणि तिची माणसे

जळगावहून भुसावळकडे जाताना महामार्गालगत नशिराबाद हे मोठे गाव लागते. खानदेशातील अशा कोणत्याही जुन्या गावात दोन तऱ्हांची घरे शेजारी शेजारी उभी दिसतात. एक धाब्याचे घर : जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि सरे, सऱ्यांवर काड्यांचा थर, त्यावर माती आणि सर्वांत वर पांढऱ्या खारट मातीचा लेप. दुसरे नव्या पद्धतीचे : विटांच्या वा ठोकळ्यांच्या भिंती, सिमेंटचा गिलावा आणि वर सळईचा स्लॅब. पहिल्या घराचे शास्त्र कोणत्याही पुस्तकात शिकविले जात नव्हते, तरी ते गावात नांदत होते. कोणती माती पाणी अडविते, धाब्याला उतार किती द्यावा, पन्हळ कोठे काढावी, मृगापूर्वी माती केव्हा टाकावी, हे सुताराला, गवंड्याला आणि घरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असे. दुसऱ्या घराचे शास्त्र पुस्तकात आहे, महाविद्यालयात आहे, शासनाच्या मानकांत आहे. परंतु ते घर प्रत्यक्ष उभारणाऱ्या माणसापर्यंत ते कितपत पोहोचले आहे, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. तापी आणि वाघूर यांच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उथळ पाया घातला तर काही वर्षांतच दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघू लागतात. पै-पै साठवून वा शासकीय अनुदान घेऊन बांधलेले कुटुंबाचे एकमेव घर अशा रीतीने अल्पावधीत जुने होते. खर्च झालेला असतो, सिमेंट वापरलेले असते, कामगाराने कष्टही केलेले असतात. उणीव असते ती ज्ञानाची. ती भरून काढणारी जागा म्हणजे बांधकाम आणि आरेखन शिकविणारी छोटी शाळा. अशा शाळा आपल्याकडे फार नाहीत. मात्र ज्या झाल्या, त्यांच्याकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते : त्या टिकल्या त्या इमारतींमुळे वा यंत्रांमुळे नव्हे, तर तेथे काम करणाऱ्या माणसांमुळे. म्हणून प्रस्तुत लेखात अशा शाळांतील माणसांचाच विचार करावयाचा आहे.

फैजपूरची बांबूनगरी

या विषयाचा एक महत्त्वाचा धडा खानदेशाच्याच भूमीवर गिरविला गेला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन यावल तालुक्यातील फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन होय. त्यासाठी उभारलेल्या वसाहतीस ‘टिळकनगर’ असे नाव देण्यात आले होते. अधिवेशनाच्या व्यवस्थेत धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी स्वतःस वाहून घेतले होते.

हजारो माणसांची व्यवस्था करावयाची, तीही खेड्यात आणि खेड्यातल्याच साहित्याने, ही महात्मा गांधींची अट होती. या कामासाठी दोन माणसे एकत्र आली. एक वास्तुशिल्पी म्हात्रे आणि दुसरे शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस. बांबू, चटया, गवत आणि दोर यांतून प्रवेशद्वारे व मंडप उभे राहिले. प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी या रचनेचे श्रेय जाहीरपणे या दोघांना दिले.

यात ध्यानी घेण्यासारखी गोष्ट अशी की, नंदलाल बोस हे शिक्षक होते. कलाशाळेचा एक प्रमुख आपला वर्ग सोडून खेड्यात येतो आणि ज्यांनी कधी चित्रशाळा पाहिली नाही अशा माणसांच्या हातून काम घडवितो, ही घटना साधी नव्हे. येथे आरेखन करणारा आणि बांधणारा यांच्यामध्ये कागदाचा पडदा राहिला नव्हता. बांबू किती वाकतो, दोराची गाठ कोठे सुटते, चटई वाऱ्याला कशी तोंड देते, हे बांधणाऱ्याकडून आरेखकास शिकावे लागते आणि प्रमाणबद्धता, रांग, अवकाश यांची जाण आरेखकाकडून बांधणाऱ्यास मिळते. अधिवेशन संपले तेव्हा टिळकनगरचे कार्यही संपले. पण अशी देवघेव घडवून आणणारी जागा म्हणजेच बांधकामाची शाळा, हा अर्थ मागे राहिला.

या परंपरेचा धागा पुढेही तुटला नाही. धनाजी नानांचे खिरोदा हे गाव रावेर तालुक्यातील. तेथे जनता शिक्षण मंडळाने सप्तपुट ललित कला भवन चालविले. चित्र-शिल्पाचे शिक्षण शहरातच मिळते, या समजुतीला सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्याने दिलेले हे उत्तर होय.

एका कार्यशाळेत दोन गुरू

आरेखन आणि कारागिरी यांची सांगड कशी घालावी हा प्रश्न अन्य देशांतही पडला होता. जर्मनीत वायमार येथे १९१९ साली वाल्टर ग्रोपियस यांनी ‘बाउहाउस’ ही शाळा स्थापन केली. तेथील प्रत्येक कार्यशाळेत दोन गुरू असत. एक आकाराचा, म्हणजे चित्रकार वा शिल्पकार. दुसरा हस्तकौशल्याचा, म्हणजे सुतार, विणकर, धातुकाम करणारा. दोन्ही अंगे शिकविणारा एकच माणूस त्या वेळी उपलब्ध नव्हता, म्हणून ही व्यवस्था करावी लागली. १९२५ साली शाळा देसाउ येथे गेली तेव्हा मात्र पहिल्या काही तुकड्यांतील विद्यार्थीच शिक्षक म्हणून नेमता आले. त्यांना आकारही कळत होता आणि हत्यारही धरता येत होते. सहा वर्षांत शाळेने आपले शिक्षक आपणच घडविले होते. १९३३ साली शाळा बंद पडली, पण तिची ही पद्धत जगभर पसरली.

आपल्या देशात १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमचा विचारही याच दिशेचा होता. हाताने करावयाचे उत्पादक काम हे शिक्षणाचे माध्यम असावे, हे तिचे सूत्र. सेवाग्राम येथे आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने ते अनेक वर्षे आचरणात आणले. तथापि बहुसंख्य शाळांतून हे सूत्र कालांतराने आठवड्यातील एका तासिकेपुरते उरले. त्याची कारणे अनेक आहेत, पण एक मुख्य कारण असे की, काम शिकविण्यासाठी नेमलेल्या शिक्षकास ते काम स्वतःस येत नसे आणि ज्यास येत असे त्या कारागिरास शिक्षक म्हणून नेमण्याची सोय नव्हती.

पाबळचा विज्ञान आश्रम

ही अडचण ओळखून तिच्यावर तोडगा काढणारा महाराष्ट्रातील प्रयोग म्हणजे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ साली सुरू केला. डॉ. कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातील संशोधक. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम केले आणि नंतर मुंबईत हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर ते होते. ती नोकरी सोडून ते आणि त्यांच्या पत्नी मीराताई अवर्षणप्रवण भागातील या गावी राहावयास गेले. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या संस्थेचे केंद्र म्हणून या कामास प्रारंभ झाला. २००३ साली डॉ. कलबाग यांचे निधन झाले. त्यानंतर योगेश कुलकर्णी यांनी संचालक म्हणून काम पुढे चालविले.

आश्रमाने आपल्या शिक्षणाचे चार विभाग पाडले : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. लोहारकाम, जोडकाम, सुतारकाम आणि बांधकाम हे अभियांत्रिकी विभागात येते. शाळा अर्धवट सुटलेल्या ग्रामीण मुलामुलींसाठी मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम आखण्यात आला. त्यास पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. माध्यमिक शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे.

या व्यवस्थेत शिक्षक कोण, हा कळीचा मुद्दा होता. विज्ञान आश्रमाने तो वेगळ्या रीतीने सोडविला. शाळांतील या विषयाचे निदेशक शक्यतो गावातील वा परिसरातील काम जाणणारी माणसे असावीत, असे ठरले : जोडकाम करणारा, वीजजोडणी करणारा, गवंडीकाम करणारा. आश्रमातही शिकून तयार झालेले विद्यार्थी पुढे निदेशक झाले. जो काल शिकत होता त्यास नवशिक्या कोठे अडखळतो हे नेमके ठाऊक असते. शिवाय तो गावचाच असल्याने त्याची भाषा, त्याची उदाहरणे आणि त्याचे काम हे मुलांना परके वाटत नाही. बाउहाउसने आपल्याच विद्यार्थ्यांतून शिक्षक उभे केले होते. पाबळनेही, अगदी निराळ्या परिस्थितीत, तेच केले.

दुसरे वैशिष्ट्य असे की, शिकताना केलेले काम गावाच्या उपयोगी पडावे आणि त्याचा मोबदला मिळावा, हा नियम. मुलांनी बनविलेला टेबल, दुरुस्त केलेले यंत्र, बांधलेली टाकी ही वस्तू खऱ्या गिऱ्हाइकास द्यावयाची असते. सरावासाठी रचलेली आणि संध्याकाळी पाडून टाकलेली भिंत ओळंब्यात नसली तरी कोणाचे बिघडत नाही. ग्रामस्थाच्या अंगणात बांधलेली टाकी गळली तर मात्र तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. निदेशकाचे शंभर उपदेश जे करू शकत नाहीत ते हा एक अनुभव करतो. अर्थात निदेशकावरील जबाबदारीही त्यामुळे वाढते. कारण काम बिघडले तर ते त्याच्या नावावर बिघडते.

कामाचे क्षेत्र काळाप्रमाणे विस्तारत गेले. जमिनीतील पाण्याचा शोध घेण्यासाठी विद्युत्-रोध मोजण्याची पद्धती, लहान ट्रॅक्टर, घुमटाकार घरे असे प्रयोग तेथे झाले. २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने संगणकावर आरेखन करून वस्तू घडविणारी ‘फॅब लॅब’ पाबळ येथे सुरू झाली. अमेरिकेबाहेरील अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. जेथे मुले करवत आणि थापी धरतात, तेथेच लेसर किरणांनी कापणारे यंत्रही चालते. साधन जुने की नवे हा भेद शाळेने मानला नाही. विचार करून हाताने काम करणे, हे सूत्र दोन्हीकडे एकच राहिले.

एक घुमट, अनेक धडे

घुमटाकार घराचे उदाहरण थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. कारण चांगला निदेशक एका कामातून किती विषय शिकवू शकतो हे त्यावरून कळते. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून केलेला हा घुमट अमेरिकन संशोधक बकमिन्स्टर फुलर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रसिद्धीस आणला. त्याच्या सोप्या प्रकारात अर्धगोलासाठी ६५ पट्ट्या लागतात आणि त्या केवळ दोन लांबींच्या असतात : ३५ लांब आणि ३० आखूड. त्यांतून ४० त्रिकोण तयार होतात आणि २६ सांधे पडतात. लांब पट्टी त्रिज्येच्या ०.६१८ पट आणि आखूड पट्टी ०.५४७ पट. म्हणजे २ मीटर त्रिज्येच्या घुमटासाठी सांध्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे १.२४ मीटर आणि १.०९ मीटर एवढी अंतरे धरावी लागतात. जमिनीवर सुमारे पावणेबारा चौरस मीटर जागा मिळते. सांगाड्यावर जाळी बांधून सिमेंटचा लेप दिला की पातळ पण मजबूत कवच तयार होते.

हे काम करणाऱ्या विद्यार्थ्यास गुणोत्तर आणि दशांश हे परीक्षेचे विषय राहत नाहीत. पट्टी अर्धा सेंटिमीटर आखूड कापली गेली, तर पहिल्या सांध्यावर काही जाणवत नाही. पण शेवटचा त्रिकोण बसत नाही. चूक कोठे झाली हे शोधण्यासाठी त्यास मागे यावे लागते. त्रिकोणच का, चौकोन का नाही, याचे उत्तर तो हातानेच शोधतो : चार पट्ट्या खिळवून ओढल्या तर चौकोन कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. छपराच्या कैचीत आणि विजेच्या मनोऱ्यात तेच तत्त्व आहे हे मग सांगावे लागत नाही, दाखवावे लागते. नववीच्या भूमितीचा एक पाठ, वजनाचे व किमतीचे गणित, जोडकामाची सुरक्षितता आणि चौघांनी मिळून काम करण्याची शिस्त, एवढे सारे एका घुमटात सामावते.

वर्ध्याचे आणि केरळचे उदाहरण

वर्धा येथे देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राची स्थापना केली. कुमारप्पांच्या विचारांवर वाढलेल्या या संस्थेने स्वस्त व टिकाऊ घरबांधणीचा प्रश्न हाती घेतला. तिचे एक उल्लेखनीय काम म्हणजे मातीच्या शंक्वाकार कौलांचे कमानदार छप्पर. कुंभाराने चाकावर घडविलेली, एका तोंडास रुंद आणि दुसऱ्या तोंडास निमुळती अशी भांडी एकमेकांत अडकवीत कमान उभी करावयाची आणि अशा कमानी शेजारी शेजारी लावून छप्पर साधावयाचे. त्यास लाकूड वा सळई फारशी लागत नाही. शिवाय माठ-रांजणांची मागणी घटल्याने बसून राहिलेल्या कुंभारास घरबांधणीत स्थान मिळते. येथे शिक्षक म्हणून कुंभार आणि गवंडी दोघेही लागतात. एकाचे काम दुसऱ्यावाचून पूर्ण होत नाही.

केरळात लॉरी बेकर या मूळ इंग्रज वास्तुशिल्प्याने आयुष्यभर गवंड्यांच्या सोबतीने काम केले. १९८५ साली त्रिचूर येथे स्थापन झालेल्या ‘कॉस्टफोर्ड’ या संस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवून आत पोकळी राखणारी रचना त्यांनी रूढ केली. तिच्यामुळे विटांची सुमारे एक चतुर्थांश बचत होते आणि पोकळीमुळे भिंत उन्हाळ्यात कमी तापते. खानदेशच्या उन्हाळ्यात हा दुसरा गुण अधिक मोलाचा ठरावा. बेकर कार्यालयात बसून नकाशे धाडीत नसत; बांधकामाच्या जागी उभे राहून, गवंड्याशी बोलून, आवश्यक तेथे जागीच बदल करीत. त्याच सुमारास कोल्लम जिल्ह्यात ‘निर्मिती केंद्र’ सुरू झाले आणि स्वस्त बांधकामाचे प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रांची कल्पना देशभर पोहोचली.

शाळेची चार माणसे

या सर्व उदाहरणांवरून छोट्या बांधकाम-शाळेस कोणती माणसे लागतात, याचा आराखडा मांडता येतो.

पहिला माणूस शाळेचा चालक. तो विद्वान असला तर उत्तमच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो तेथे राहणारा असावा. आठवड्यातून एकदा मोटारीने येणाऱ्या माणसाकडून अशी शाळा चालत नाही. पाबळचे काम उभे राहिले त्यात डॉ. कलबाग यांच्या विद्वत्तेइतकाच त्यांच्या तेथील वास्तव्याचा वाटा आहे.

दुसरा आरेखन जाणणारा. नकाशा वाचणे, मोजमाप घेणे, साहित्याचा अंदाज काढणे, ऊन-वारा-पाणी यांचा विचार करून घराची दिशा ठरविणे, हे त्याचे काम. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आरेखक झालेला वा तंत्रनिकेतनातील स्थापत्य पदविकाधारक तरुण हे काम करू शकतो. मात्र त्याने थापी हातात धरली पाहिजे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, कारागीर-शिक्षक. ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि दोरी ही त्याची पाठ्यपुस्तके. तीन, चार आणि पाच फुटांच्या दोरीने काटकोन काढण्याची रीत तो रोज वापरतो. तिच्यामागे असलेला सिद्धांत शाळेतील गणिताचा शिक्षक सांगू शकतो. दोघे एका आखणीपाशी उभे राहिले की पाठ पूर्ण होतो.

चौथा माणूस भांडार आणि हिशेब सांभाळणारा. याच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. सिमेंटची गोणी कोणत्या महिन्याची, हत्यार कोणाकडे गेले, वाया किती गेले, मजुरी किती पडली, हे लिहून ठेवणारा माणूस नसेल तर शाळेचे अर्धे शिक्षण वाया जाते. विद्यार्थ्यास पुढे स्वतःचा व्यवसाय करावयाचा असतो आणि लहान ठेकेदार बुडतो तो बहुधा कामात नव्हे, हिशेबात बुडतो. याखेरीज निवासी शाळेत स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या व्यक्तीस शाळेचा कणाच म्हटले पाहिजे.

कारागीर-शिक्षकाचे स्थान

या चौघांत कारागीर-शिक्षक हा सर्वांत आवश्यक आणि सर्वांत उपेक्षित आहे. त्याच्याकडे पदवी नसते, त्यामुळे नियमित पद मिळत नाही. तासिकेवर मिळणारे मानधन बाहेरच्या रोजंदारीहून कमी पडले की तो हंगामात निघून जातो. त्यात त्याचा दोष नाही. त्यास घर चालवावयाचे असते. परंतु तो गेला की शाळेत उरतात ती यंत्रे आणि फलक. हत्यारे कपाटात कुलूपबंद होतात आणि कार्यानुभवाची वही तेवढी भरली जाते.

या प्रश्नावर तीन उपाय अनुभवास उतरले आहेत. एक, शिक्षकास पूर्णवेळ न बांधता आठवड्यातील ठरावीक दिवस शाळेसाठी घ्यावेत, जेणेकरून त्याचा स्वतःचा व्यवसाय चालू राहील. व्यवसायात असलेला माणूसच नवे साहित्य आणि नवे दर जाणतो. दोन, शाळेने गावासाठी केलेल्या सशुल्क कामांतील वाटा त्यास मिळावा. तीन, त्याच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावे आणि शाळेत त्यास ‘मिस्त्री’ अशी हाक न मारता ‘सर’ अथवा ‘गुरुजी’ म्हणावे. शेवटचा उपाय बिनखर्चाचा आहे आणि तोच सर्वांत अवघड आहे. विद्यार्थी कोणास गुरुजी म्हणतात यावरून हाताच्या कामाची गावातील किंमत ठरते, हे विसरून चालणार नाही.

स्त्रियांचा विचारही येथे करावयास हवा. बांधकामावर वाळू, विटा आणि पाणी वाहणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. परंतु थापी क्वचितच त्यांच्या हाती येते. धाब्याच्या घरात भिंती लिंपणे, जमीन सारवणे ही कामे पिढ्यान् पिढ्या त्यांनीच केली. मातीचे मिश्रण हाताने पारखणाऱ्या व्यक्तीस मसाल्याचे प्रमाण शिकणे कठीण नाही. शाळेतील एक तरी निदेशक स्त्री असेल तर मुलींना हे क्षेत्र आपले वाटेल.

पंचायत आणि शाळा यांनी करावयाचे

नशिराबादसारख्या गावी असा उपक्रम सुरू करावयाचा झाल्यास प्रारंभी मोठी इमारत लागत नाही. परिसरात साहित्य आहे. गावाजवळ सिमेंट दळण्याचा कारखाना आहे. भुसावळजवळील दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणारी राख सिमेंट व विटांसाठी उपयोगी पडते. आणि जुनी धाब्याची घरे हे उघडे ग्रंथालयच आहे. पुढील गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत.

माध्यमिक शाळेने गावातील जुन्या चार घरांची मोजमापे मुलांकडून घ्यावीत, नकाशे काढून घ्यावेत आणि वृद्ध कारागिरांकडून बांधणीची रीत टिपून ठेवावी. भरदुपारी धाब्याच्या आणि स्लॅबच्या खोलीत तापमापक ठेवून दर तासाची नोंद घेतली, तर जाड मातीच्या छपराचा गुण मुलांना आकड्यांत दिसेल. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात घालविण्याची तरतूद सुचविण्यात आली आहे. ते दिवस सहलीत न घालविता एखाद्या सुरू असलेल्या बांधकामावर घालविणे श्रेयस्कर.

ग्रामपातळीवरील लोकप्रतिनिधींना आणखी एक संधी उपलब्ध आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरविण्यात आले आणि तिच्याबरोबरच ग्रामीण गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण आखण्यात आले. हे प्रशिक्षण प्रत्यक्ष घर बांधीतच द्यावयाचे असते. म्हणजे लाभार्थ्याचे घर हीच शाळा आणि अनुभवी गवंडी हाच शिक्षक. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी तपासण्याचा प्रघात आहे. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी ओतलेला ठोकळा अभ्यासक्रम संपण्यापूर्वीच तंत्रनिकेतनात तपासून त्याचा निकाल त्यांच्यासमोर ठेवता येईल. आपल्या हातचे काँक्रीट किती भार सोसते हा आकडा ज्याने एकदा पाहिला, तो पुन्हा अंदाजाने पाणी ओतणार नाही.

कारण अंदाजाने ओतलेले पाणी हाच गावोगावच्या बांधकामाचा नेहमीचा दोष आहे. ५० किलो सिमेंटच्या गोणीस साधारण २५ लिटर पाणी पुरेसे असता, माल पसरणे सोपे जावे म्हणून ते वाढविले जाते आणि ताकद घटते. उलट काँक्रीट घट्ट झाल्यावर त्यास पाणी हवे असते तेव्हा हात आखडतो. राखमिश्रित सिमेंट वापरले असल्यास किमान १० दिवस ओलावा राखावा, असे भारतीय मानक सांगते. एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवसांतच काम कोरडे पडते. ओतण्याआधी हात आवरावा आणि ओतल्यावर मोकळा सोडावा, एवढा एक नियम गावातील प्रत्येक गवंड्यापर्यंत पोहोचला, तरी कित्येक घरांचे आयुष्य वाढेल. काळ्या मातीतील पायाबाबतही असेच. फुगणाऱ्या थराखाली टेकणाऱ्या, तळाशी रुंद केलेल्या खोल स्तंभांचा पाया रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केला, त्यास अनेक दशके लोटली. ही माहिती मानकांच्या पुस्तकात सुरक्षित आहे. ती पुस्तकातून चरात उतरविणारा माणूस हवा आहे.

असा माणूस कोठून आणावयाचा, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा गावातच असते. तो आज कोणाच्या तरी भिंतीवर काम करीत असतो. त्यास नकाशा वाचता येत नसेल, तर शाळेतील शिक्षक शिकवू शकतात. शाळेतील मुलांना ओळंबा धरता येत नसेल, तर तो शिकवू शकतो. या दोघांना एका छपराखाली आणून बसविणे, त्यांस योग्य मोबदला आणि मान देणे आणि त्यांनी केलेल्या कामाचा उपयोग गावास करून देणे, हे काम पंचायतीचे व शिक्षणसंस्थांचे आहे. फैजपूरला बांबूची नगरी उभी राहिली, पाबळला घुमट उभा राहिला, तो याच रीतीने. इमारत नंतर येते. आधी माणसे यावी लागतात.